धोंडुआईचा टाक

झुंबरबाईच्या देव्हाऱ्यात जोतिबा, अंबाबाई, खंडोबा अशी सगळी बडी मंडळी होती आणि त्यांच्या कडेला, जरा अंग चोरून, धोंडुआई बसलेली होती. बोटभर उंचीचा चांदीचा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली एक बाई आणि तिच्या कडेवर मूल. याला टाक म्हणतात. धोंडुआई म्हणजे झुंबरबाईचे मालक हंबीरराव, त्यांच्या आजोबांची पहिली बायको. शंभरावर वर्षांपूर्वी ती दोन वर्षांच्या लेकराला घेऊन मळ्यातल्या विहिरीत गेली, अशी घरातली गोष्ट. आजोबांनी, म्हणजे केरबांनी, वर्षभरात दुसरी केली. दुसरीनं मेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालायचा ही रीत. नवं लुगडं आलं की ते आधी टाकाला दाखवायचं, मग आपण नेसायचं. हंबीररावांच्या आजीनं ती सवत मरेपर्यंत गळ्यात वागवली, आणि आजी गेल्यावर टाक देव्हाऱ्यात आला.

मायलेकरांची प्रेतं काही कुणाला सापडली नव्हती. त्यावर घरातल्यांचं उत्तर ठरलेलं होतं, विहिरीला तळ न्हाय. आता ही विहीर दर मे महिन्यात अशी आटायची की खालचे दगड मोजून घ्यावेत. पण घराण्याच्या गोष्टीत असलं काही विचारायची आपल्याकडं पद्धत नाही. म्हैस आटली, धोंडुआईचा कोप. पेरा वाया गेला, धोंडुआईचा कोप. पितृपंधरवड्यात अहेव नवमीला, म्हणजे नवरा हयात असताना गेलेल्या बायकांच्या तिथीला, तिच्या नावानं एक सवाष्ण जेवू घालायची आणि तिला नवं लुगडं द्यायचं. उचगावातल्या या घरानं त्यात कधी हयगय केली नाही.

मेलेल्या बाईचा असा मान होता त्या घरात. जिवंत लेकीचं मात्र नाव काढायची सोय नव्हती.

लेक म्हणजे बना. नऊ वर्षांपूर्वी ती एका दुपारी सासरहून एकटीच आली होती. स्वयंपाकघरात येऊन तिनं बांगड्या मागं सारल्या आणि आईपुढं हात धरले. तापलेल्या उलथण्याचे डाग होते, दोन्ही हातांवर, काही जुने, काही ओले. झुंबरबाईच्या तोंडातून निघालं ते तिच्या आईनं तिला सांगितलेलंच. "सोस बाई. दीस जातील." बना मग सोप्यात बापापुढं गेली. हंबीररावांनी हातांकडं पाहिलंसुद्धा नाही. "हात खाली घे," म्हणाले. "सासरच्या गोष्टी हितं आणायच्या न्हाईत." संध्याकाळच्या गाडीनं त्यांनी तिला परत धाडलं.

महिन्याभरात बनानं ते घर सोडलं. इचलकरंजीला गेली, मागावर काम धरलं आणि दोन वर्षांनी, काडीमोड झाल्यावर, आकाराम नावाच्या विणकराशी रजिस्टर लग्न केलं. ते कळलं त्या दिवशी हंबीरराव विहिरीवर गेले, दोन बादल्या ओढल्या आणि पोरीच्या नावानं आंघोळ केली. झुंबरबाईलाही करायला लावली. तिनं ती केली. ओल्या लुगड्यानं घरात शिरताना आपण काय करून आलो हे तिला कळत होतं, आणि ते तिनं स्वतःला कधी माफ केलं नाही. तेव्हापासून बांगड्या भरायला येणारी नजीरा हळूच कानात सांगायची तेवढीच काय ती लेकीची खबर. "बरी हाय बना. हातात डझन डझन भरती. डागावरनं बांगडी सरकवायची तर मलाच कसंतरी हुतं बगा."

अठ्ठ्याहत्तर सालच्या पितृपंधरवड्यात, नवमीला चार दिवस असताना, दारात रिक्षा थांबली. आतून कुतुबुद्दीन उतरले. हे कोल्हापुरात शाहूपुरीत राहायचे, सरकारी दप्तरखान्यात हयात घालवून निवृत्त झालेले, मोडी वाचणारे. पंचक्रोशीत कुणाचं जुनं काही शोधायचं म्हटलं की कुतुबुद्दीन. त्यांच्यामागून कोट घातलेला, पंचावन्न-साठीचा, सावळा गृहस्थ उतरला आणि बूट काढून उंबऱ्यापाशी नुसताच उभा राहिला.

"या की पावणं, बसा," हंबीरराव म्हणाले. "कुठलं गाव म्हणायचं?"

"हे गणपतराव. मॉरिशस बेटावनं आल्यात," कुतुबुद्दीन म्हणाले. "मास्तर हैत तिथं. ह्यांची पणजी उचगावची. केरबा नावाच्या माणसाची बायकू. गावात त्या काळी तीन केरबा सापडलं मला जुन्या बाडात. दोन घरं झाली, हे तिसरं."

हंबीररावांचे कान टवकारले. कुळात नवा माणूस निघाला, म्हणजे वाटणी मागायला आला. उसाला पाणी लागून पाच वर्षं झाली होती आणि जमिनीला नुकता कुठं भाव आला होता. ते उठून बसले. "आमचा सातबारा सोच्छ हाय," त्यांनी एकदम सांगून टाकलं. कुतुबुद्दीन हसले. पाहुणा मात्र हसला नाही. त्यानं हात जोडले.

"मला जमीन नको," तो सावकाश म्हणाला. "माझं मराठी पुस्तकातलं आहे, सांभाळून घ्या. मला फक्त घर बघायचं आहे. माझी पणजी कुठून आली ते आमच्याकडे कुणालाच माहीत नाही. ती कधी बोललीच नाही."

झुंबरबाई माजघराच्या दाराआड उभी होती. चुलीवर चहा उकळत होता तो तसाच राहिला.

कुतुबुद्दीननी पिशवीतून कागद काढला. त्या बेटावर उसाच्या मळ्यात राबायला इथून माणसं नेत, आणि बोटीतून उतरलेल्या प्रत्येकाची तिथलं सरकार वहीत नोंद करी. नंबर, नाव, गाव, उंची, अंगावरच्या खुणा. माणूस पळाला तर ओळखू यावा म्हणून. पाहुण्यानं तिथल्या दप्तरात दोन वर्षं घालून ती नोंद काढली होती. कुतुबुद्दीन इंग्रजीतून एकेक ओळ मराठी करून सांगू लागले. "साल अठराशे पासष्ट. नाव धोंडू. नवऱ्याचं नाव केरबा. जिल्हा कोल्हापूर, गाव उचगाव. वय बावीस. संगं मुलगा, पिराजी, वय दोन."

"आमची धोंडुआई हिरीत गेली," हंबीरराव मोठ्यानं म्हणाले. "लेकरासकट. आख्ख्या गावाला ठावं हाय. हे कुठलं तरी दुसरंच बेणं."

कुतुबुद्दीननी कागदाखालचा फोटो पुढं केला. पिवळट छाप, त्यात एक तरणी बाई, छातीवर नंबराची पाटी, कडेवर मूल. हंबीररावांनी फोटो पाहिला आणि त्यांची नजर आपोआप देव्हाऱ्याकडं गेली. टाकातल्या बाईच्या कडेवर मूल डाव्या अंगाला होतं. फोटोतही डाव्याच अंगाला होतं.

"मूल काय, सगळ्याच बायका डाव्या कडंवर घेत्यात," ते पुटपुटले. आवाजातला जोर मात्र गेला होता.

"अजून एक ओळ हाय," कुतुबुद्दीन म्हणाले. "उंची चार फूट दहा इंच. खुणा. दोन्ही हातांवर, कोपरापासनं मनगटापतुर, भाजल्याचं जुनं वण."

झुंबरबाई दाराआडून बाहेर आली. परक्या पुरुषांसमोर सोप्यात यायची तिला सवय नव्हती, पण तिच्या पायांनी विचारलं नाही. "काय म्हनला भावजी? परत वाचा."

त्यांनी परत वाचलं.

"माझे आजोबा, म्हणजे हा पिराजी, सांगायचे," पाहुणा म्हणाला, "आई कितीही उकडलं तरी लांब बाह्यांची चोळी घालायची. पोरांना वाटायचं तिला थंडी वाजते. एकोणीसशे आठ साली ती वारली. पंधरा नातवंडं होती तिला. एकेकाला उचलून नाचवायची म्हणे."

"आठ साली?" हंबीररावांनी विचारलं. "आमचं आजोबा तर पिलेगात गेलं. त्याच्या आदी धा वर्सं."

झुंबरबाईला सगळं एकदम दिसलं. बाई बेटावर नातवंडं नाचवत होती, आणि इकडं तिची सवत तिला मेलेली समजून गळ्यात घालून फिरत होती. नवं लुगडं आधी तिला दाखवत होती. केरबांना खरं ठाऊक होतं की नव्हतं ते देव जाणे. घरातून बायको पळाली म्हणण्यापेक्षा विहिरीत गेली म्हणणं सोपं पडलं असेल. आणि हात कुणी भाजले ते तर विचारायलाच नको. तो वण काही बोटीत झाला नव्हता, जुना होता. शंभर वर्षांत त्या हातांकडं एकाच माणसानं नीट पाहिलं होतं, आणि तो होता नंबर घालणारा परका कारकून.

तिनं पाहुण्याला देव्हाऱ्यापाशी नेलं. टाक हातात दिला. पाहुणा तो उलटसुलट करून बघत राहिला. डोळे भरून आले तरी त्यानं ते पुसले नाहीत. "आमच्याकडे ती म्हातारी होऊन गेली," तो म्हणाला. "इथं बावीसचीच राहिली."

"नवमीला जेवायला या," झुंबरबाई म्हणाली. "भावजी, तुमीबी. सवाष्ण मी आणतो."

पाहुण्यानं कागदाची एक प्रत ठेवली होती, ती त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी हंबीरराव घडी उघडून बघत आणि परत मिटवून ठेवत. झुंबरबाईनं तिसऱ्या दिवशी सकाळी भाकरी बांधली, सवाष्णीसाठी आणलेलं हिरवं लुगडं पिशवीत घातलं आणि सोप्यात येऊन उभी राहिली. चाळीस वर्षांच्या संसारात न विचारता ती कधी एस्टीत बसली नव्हती.

"मी इचलकरंजीला जातो," ती म्हणाली.

"ती मेली," हंबीरराव म्हणाले. पण ते कागदाकडं बघत म्हणाले.

"मेली असं तुमच्या आजानंबी सांगितलं हुतं." झुंबरबाईनं पिशवी उचलली. "तुमच्या आजीनं जिती बाई गळ्यात घालून जल्म काढला. मी माझी पोरगी घालून घ्यायची न्हाय. तिनं मला हात दावलं हुतं, आन मी म्हनलं सोस. मी म्हनलं! त्या कागदावरच्या सायबापेक्षा मी वाईट निगालो. आता जातो. दार लावून घ्यायचं आसंल तर घ्या."

हंबीररावांनी मान वर केली नाही. दारही लावून घेतलं नाही.

नवमीला पाहुणा आणि कुतुबुद्दीन अकराच्या सुमाराला आले. सोप्यात पाट मांडलेले होते. वडे, खीर, अळूची भाजी असा सगळा बेत आदल्या वर्षीसारखाच होता, फक्त करणारी झुंबरबाई घरात नव्हती. शेजारच्या बायका राबत होत्या आणि सवाष्ण कोण येणार यावर हळू आवाजात खल चालला होता. साडेअकराला कोपऱ्यावर झुंबरबाई दिसली. बरोबर बना होती. तेहतिशीची, अंगानं भरलेली, हातात डझन डझन हिरव्या बांगड्या. पारावरची माणसं वळून बघू लागली. शेजारच्या बायका दाराच्या आत सरकल्या.

बना उंबऱ्यापाशी थांबली. आत यायचं का ते तिला कळेना. हंबीरराव खांबाला टेकून बसले होते. नऊ वर्षांनी त्यांनी लेकीकडं पाहिलं, आणि तोंडावर पाहायची हिंमत झाली नाही म्हणून हातांकडं पाहिलं.

"हात दाव," ते म्हणाले.

बना आईकडं वळली. हा माणूस आता काय करील याचा झुंबरबाईलाही भरवसा नव्हता. बनानं एकेक करून बांगड्या वर सारल्या आणि दोन्ही हात पुढं केले. हंबीरराव उठले, जवळ आले, खिशातून चष्मा काढून लावला. कोपरापासून मनगटापर्यंत त्यांनी एकेक वण पाहिला. कागद वाचायला त्यांना कुतुबुद्दीन लागले होते, इथं कुणी लागलं नाही. शेवटी त्यांनी ते दोन्ही हात आपल्या हातात धरले आणि सगळ्यांदेखत हा दांडगा माणूस रडायला लागला.

"त्याच टायमाला बगाया पायजे हुतं," ते म्हणाले. "त्याच टायमाला."

झुंबरबाईनं पिशवीतून लुगडं काढलं आणि सवयीनं देव्हाऱ्याकडं वळली. आधी टाकाला दाखवायचं, मग दुसऱ्या कुणाला. हंबीररावांनी तिच्या हातून लुगडं घेतलं. टाकाकडं बघून त्यांनी एकदा हात जोडले, आणि घडी न मोडता ते बनाच्या ओंजळीत ठेवलं.

"आधी हिला," ते म्हणाले. "वाढा आता."