जोडाच्या शेजारी

"हे पायाचं कशाला?" मास्तरांनी विचारलं, आणि मी सांगायच्या आत चप्पल काढून उजवा पाय त्या पेडलवर ठेवलासुद्धा. दोनदा दाबून पाहिलं, टाच हलवून पाहिली. "हे जमेल, भाऊ," ते म्हणाले. "पायाच्या ओळखीचं आहे."

माझं वेल्डिंगच्या सामानाचं दुकान आहे. समोरच मास्तरांचं शिलाईचं दुकान होतं, ते त्यांनी या दिवसाच्या महिनाभर आधी बंद केलं होतं. तयार कपड्यांपुढे किती टिकाव धरणार? शेवटी शेवटी पँटची लांबी कमी करणं आणि चेन बदलणं एवढ्यावर गाडी आली होती. माझ्या लग्नाचा सूट त्यांनीच शिवला होता. तो आता मला होत नाही, यात त्यांचा दोष नाही.

तर वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी मास्तरांनी टिग वेल्डिंग, म्हणजे एका हाताने ज्योत आणि दुसऱ्याने तार चालवायचं बारीक काम, शिकायचं डोक्यात घेतलं. कारण असं, की इस्पितळांसाठी स्टीलची स्टुलं आणि ट्रॉल्या बनवणारा एक कारखानदार आम्हा दोघांचंही जुनं गिऱ्हाईक होता. त्याने मास्तरांना शब्द दिला होता. पाइपची एक चौकट चारही कोपऱ्यांना नीट जोडून दाखवा, घरबसल्या काम देतो. घरात खाणारी माणसं दोनच, मास्तर आणि वहिनी, आणि दोघांपुरतं गाठीला होतं. पण दुकान बंद झाल्यापासून मास्तर चहाच्या निमित्ताने माझ्याकडे दिवसातून तीनदा यायचे, आणि कप रिकामा झाला तरी उठायचे नाहीत. एकदा म्हणाले, "हात रिकामे ठेवून बसलो की स्वतःच्या घरात पाहुणा असल्यासारखं वाटतं." त्यावर मी काहीतरी विनोद केला होता. काय केला, ते आठवत नाही.

नको ते सामान लोकांच्या गळ्यात मारण्यात माझा हात कोणी धरणार नाही. मास्तरांना मात्र मी मोजकंच काढून दिलं. अ‍ॅल्युमिनियम जोडणारं महागडं मशीन नको, स्टीलला दोनशे अँपिअरचं साधं पुरे. सिलिंडर निव्वळ आर्गनचा, दुसऱ्या वेल्डिंगला चालतो तो मिसळलेला गॅस इथे चालत नाही. मोजे पातळ, मऊ चामड्याचे, कारण जाड मोज्यात बोटांना तार सरकवता येत नाही. आणि ठिणगी पडली की काच आपोआप काळी होणारं हेल्मेट. मास्तर एकेक वस्तू हातात घेऊन चाचपत होते, कापडाचा पोत बघावा तशी. जन्मभराची सवय, असं मी मनाशी म्हणालो.

पहिल्या आठवड्यात त्यांनी नुसती भोकं पाडली. रोज पत्र्याच्या पट्ट्या घेऊन यायचे आणि गल्ल्याशेजारी मांडायचे, आणि मी पोट धरून हसायचो. चूक शिंप्याचीच होती. शिलाई मशीनवर पाय दाबला की काम पुढे पळतं. इथे पाय दाबला की आच वाढते, पुढे तर हातानेच जायचं असतं. मास्तर लांब रेघ ओढायची असली की सवयीने पाय दाबत, आणि पत्रा जळून आरपार. "पायाला शहाणं करायला हवं," ते गंभीरपणे म्हणाले, आणि खरंच केलं. त्यासाठी आठ दिवस लागले.

बाकीचं त्यांना इतक्या झपाट्याने आलं, की मला हेवा वाटला. मी सामान विकतो, पण माझी स्वतःची वेल्डिंगची शिवण अजून कोंबडीने पाय उमटवल्यासारखी येते. ज्योत धरायच्या टॉर्चमधल्या टंगस्टनच्या सळीचं टोक घासायचं ते लांबीच्या दिशेने, आडवं नाही, हे एकदा सांगितलं आणि पुरलं. जोड आधी अ‍ॅसिटोनने पुसायचा, मग बोट लावायचं नाही. पंखा बंद, खिडकी बंद, कारण वाऱ्याने गॅस उडतो आणि शिवणीत फोड येतात. डाव्या हाताच्या अंगठ्याने तार पुढे सरकवायचा सराव तर ते माझ्या दुकानात बसून, गप्पा मारता मारता करत. तार बोटांतून अशी जायची की बघत राहावं.

पट्ट्या सुधारल्या. खवल्यांसारख्या एकसारख्या रेघा यायला लागल्या. मी कारखानदाराला फोन करून सांगितलं की माणूस तयार होतोय.

मग त्यांनी पहिल्यांदाच दोन पट्ट्या एकमेकींना जोडून आणल्या. शिवण सुंदर होती, पण मध्येच जोड सोडून बाजूला गेली होती. पुढच्या वेळीही तेच. मास्तर म्हणाले, हेल्मेटमध्ये नीट दिसत नाही. मी म्हटलं, होतं असं सगळ्यांना, आणि आत बसवायचं एक भिंग दिलं. आठ दिवसांनी ते त्याहून मोठं घेऊन गेले. मग काचेचा नंबर कमी करून मागितला, फिकट हवी म्हणून. मग जोडावर उजेड पाडायला दिवा.

मला तेव्हा कळायला हवं होतं, असं मी म्हणणार नाही. मला कळलं होतं. दुसरं भिंग देतानाच कळलं होतं. बोलताना ते माझ्या तोंडाकडे न बघता कानाच्या बाजूला कुठेतरी बघायचे, आणि दुकान गेल्यापासून माणूस संकोचतो, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. गिऱ्हाईक वस्तू मागतं, दुकानदार वस्तू देतो. इतकी वर्षं हेच केलं, आणि एका माणसाला त्याच्या डोळ्यांबद्दल विचारण्यापेक्षा दिवा विकणं सोपं गेलं. मला त्याची लाज वाटते.

चौकट दाखवायच्या आदल्या दिवशी त्यांनी मला घरी बोलावलं. चौकट शिकंज्यांत आवळलेली होती. तीन कोपरे झाले होते, ते फडक्यात गुंडाळून ठेवले होते, दाखवले नाहीत. चौथा माझ्यासमोर करणार होते. दुपारची वेळ, मागची छोटी खोली, दारं-खिडक्या लावलेल्या. शिलाई मशीन भिंतीला सरकवून त्या जागी लोखंडी टेबल मांडलं होतं. मशीनवर एक गादीदार पिनकुशन होतं, आणि त्यात वीसेक सुया ओळीने टोचलेल्या, प्रत्येकीत हातभर दोरा ओवलेला. मी बघतोय हे वहिनींनी पाहिलं. "मी ओवून ठेवते," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दोन वर्षं झाली." मास्तर हातमोजे चढवत होते. त्यांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

जुनं हेल्मेट डोक्यावर ओढून मी त्यांच्या खांद्याशी वाकलो. ठिणगी पडली, काच काळी झाली, आणि त्या हिरवट अंधारात ज्योतीखाली वितळलेल्या स्टीलचा मोत्याएवढा थेंब दिसायला लागला. काय हात होता! टॉर्च जरासुद्धा थरथरत नव्हता. तार येत होती, बुडत होती, मागे सरत होती, आणि पाय त्या थेंबाला श्वास दिल्यासारखा हळूच वरखाली होत होता. शेवटाला पाय अलगद उचलला, हात तसाच धरून ठेवला, गॅस थांबेपर्यंत. शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

फक्त ती शिवण जोडावर नव्हती. करंगळीच्या नखाएवढी बाजूला, अखंड पाइपवर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत जोडाला समांतर गेली होती. जोड तिच्याशेजारी उघडाच होता.

मास्तरांनी हेल्मेट वर केलं. घामाने चेहरा निथळत होता आणि त्यावर निखळ आनंद होता. "कसं?" त्यांनी विचारलं. मी गप्प. वहिनी दारात पदराचं टोक धरून उभ्या, त्याही गप्प. दोन माणसं एवढा वेळ गप्प बसली, की तिसऱ्याला काय समजायचं ते समजतं.

पाइप निवेपर्यंत ते थांबले. मग मोजा काढून त्यांनी तर्जनी फिरवली, आधी शिवणीवरून, मग तिच्या कडेने. फटीत नख अडकलं. ते नख त्यांनी फटीतून पूर्ण फिरवलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश.

"बाकीचे तीनही असेच असतील," ते म्हणाले.

"मास्तर, दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतं की. टेबल दिसतं, तुम्ही दिसता, दार दिसतं." ते खुर्चीत बसले. "जिथे बघतो तेवढंच दिसत नाही, भाऊ. मधलंच जातं. कापडावर बोट सांगायचं शिवण कुठे आहे ते. इथे बोट लावता येत नाही."

वहिनींनी खिडकी उघडली आणि पंखा लावला. चौकट तशीच टेबलावर पडून राहिली.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि सभ्य होता. पडद्याचा मधला भाग झिजला आहे, म्हणाला, जुना आजार आहे, गेलेलं परत येत नाही. पूर्ण अंधार होणार नाही, एवढंच सांगण्यासारखं होतं. वेल्डिंगच्या उजेडाने झालं का, हे मी दोनदा विचारलं. नाही, तो म्हणाला, दोन्ही वेळा. परत येताना मास्तरच माझी समजूत घालत होते. कारखानदाराला मी फोन केला की मास्तरांनी विचार बदलला. तो म्हणाला, या वयात असंच होतं. मी फोन ठेवून दिला.

पंधरा दिवसांनी हातगाडीवर वेल्डिंगचं मशीन घालून मास्तर दुकानात आले. सोबत वहिनी होत्या. कोणा शिकणाऱ्याला उपयोगी पडेल, म्हणाले, नुसतं धूळ खात ठेवण्यात अर्थ नाही. आणि मशीनवर एक आच्छादन होतं. जाड खाकी कापडाचं, मापात बसलेलं, कडांना गोट लावलेला. पेडलला वेगळा खिसा, टॉर्चच्या नळीला वेगळा, टंगस्टनच्या सळ्यांना पेनासारखे बारीक कप्पे. मागे हवा जायच्या जाळीपुरतं चौकोनी तोंड ठेवलं होतं, नाहीतर मशीन तापतं, हे त्यांच्या लक्षात होतं.

"चार दिवस घेतले याला," मास्तर म्हणाले. "दोरासुद्धा कापडाला जुळणारा शोधून काढला. ही बाहेर गेली होती, मध्येच रीळ संपलं. नवा दोरा जुन्याच्या शेवटाला गाठून सुईतून ओढून घेतला. उगाच कोणाची वाट कशाला बघायची?"

मी आच्छादनाच्या कडेने बोट फिरवलं. अर्ध्या बाजूपर्यंत दोरा खाकी होता. तिथे एक बारीक गाठ होती, आणि गाठीच्या पुढे तो गडद हिरवा होता. वरची संपूर्ण बाजू, खिसे, कप्पे, गोट, सगळं हिरव्या दोऱ्याने शिवलेलं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्या घरी आल्या तेव्हाच त्यांनी ते पाहिलं असणार.

"शिवण बघा," मास्तर माझ्या कानाच्या बाजूला बघत म्हणाले. "सरळ आहे ना? खरं सांगा."

मी वाकून पाहिलं. वरपासून खालपर्यंत पाहिलं, घाई केली नाही.

"एक टाका इकडचा तिकडे नाही, मास्तर," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. मास्तरांनी मान हलवली, आच्छादनाच्या बंदांची टोकं चाचपून शोधली, आणि मशीनच्या मागे घट्ट गाठ बांधली.