सतराव्या खणातली मूठ

मित्रांनो, एक गोष्ट आधीच कबूल करतो, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. मी जळकुकडा आहे. मी एक जुना लोखंडी रॅक आहे, अठ्ठेचाळीस खणांचा, एके काळी हिरवागार, आता जिथे तिथे पोपडे निघालेला. पनवेलच्या औद्योगिक वसाहतीत पाठीवरचे फवारणी पंप बनवणारा एक कारखाना आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये मी उभा असतो आणि माझ्या गळ्यात एक लाल चिठ्ठी लटकते. ती तिथे कशी आली, तेच सांगायला बसलोय. त्यात माझी शान वाढेल असं फार काही नाही.

मला घडवलं काळूराम वेल्डरने. जुन्या पनवेलात त्याचं दुकान होतं. अँगल कापून, पत्रा वाकवून त्याने अठरा दिवसांत मला उभं केलं. प्रत्येक खणाला पितळी कडी लावली आणि पांढऱ्या रंगाने एक ते अठ्ठेचाळीस आकडे काढले. आकडे जरा वाकडेच आले, पण मला ते आवडायचे.

कारखान्यात आलो आणि भामाताईंच्या हाती पडलो. स्टोअरचं काम त्यांच्याकडे होतं. पंपाला लागणारे नट, स्प्रिंगा, तोट्या, रबरी रिंगा सगळं त्या माझ्या पोटात ठेवायच्या. भामाताई गव्हाणच्या. घरची भातशेती होती तेव्हा त्यांनी कणग्या भरलेल्या पाहिल्या होत्या. जमीन गेली, कणग्या गेल्या, पण सवय काही गेली नाही.

"कणगीचा तल कदी दिसू द्यायचा नाय," त्या म्हणायच्या. "मूठभर तरी मागं ठेवायचं. आमचे आयनं शिकवलंय."

म्हणून नवा माल आला की त्या जुन्यावरच ओतायच्या आणि काढताना वरचा काढायच्या. प्रत्येक खणाच्या बुडाशी मूठभर माल कायमचा राहायचा. संध्याकाळी जाताना माझ्या अंगावर थाप मारायच्या आणि म्हणायच्या, "भरलास ना रं बाबा? चल, येते मी." बावीस वर्षांत एकही संध्याकाळ अशी गेली नाही की ती थाप मला मिळाली नाही. पाहुणे आले की मालक दीनानाथशेठ त्यांना आधी माझ्यासमोर आणायचे. "सहा महिन्यांचा माल आहे आपल्याकडे," असं छाती काढून सांगायचे. दसऱ्याला पहिला हार मला. आणखी काय हवं होतं?

मग गेल्या जूनमध्ये रोहिणी मॅडम आल्या. विचुंब्याच्या नव्या सोसायटीत राहणाऱ्या, इंजिनीयर, पायात जड बूट आणि हातात सतत वही. पहिल्याच दिवशी माझे चार खण उघडले आणि भुवया वर गेल्या.

"भामाताई, हे मॉडेल तर बंद झालंय ना? मग याच्या स्प्रिंगा कशाला?"

"असूं दे, कदी लागल्या तर?"

"किती वर्षांत लागल्या नाहीत?"

भामाताईंनी बोटं मोजली आणि खण आत ढकलला. अगं बाई, तू काल आलीस आणि आमचा हिशोब मागतेस? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या आठवड्यात ते आले. निळे प्लास्टिकचे डबे! प्रत्येक सुट्या भागाला दोन. पुढच्यातला माल वापरायचा. तो संपला की रिकामा डबा समोरच्या फळीवर ठेवायचा आणि मागचा पुढे ओढायचा. रिकामा डबा दिसला की पुरवठादाराने तेवढाच माल आणून भरायचा. जास्त नाही, कमी नाही. पडून राहणारा माल म्हणजे वाया गेलेलं लोखंड, वाया गेलेलं रबर, ते बनवायला जाळलेली वीज, असं रोहिणी मॅडम समजावत होत्या. माल संपलाच तर काम थांबवायचं आणि सांगायचं. लपवायचं नाही.

मी आपला कोपऱ्यातून बघत होतो. काय तर म्हणे डबे! बोटाने ढकलले तर पडतील. मी एकटा दोन टन पेलतो. पण सगळ्यांच्या तोंडी तेच. नव्याचे नऊ दिवस, मी मनाला समजावत होतो. नऊचे नव्वद झाले. दसऱ्याला हार डब्यांच्या फळीला आणि माझ्या वाट्याला उरलेली दोन झेंडूची फुलं. मित्रांनो, त्या दिवशी मी त्या डब्यांना जे शाप दिले, ते तुम्हाला सांगण्यासारखे नाहीत.

माझा एकच आधार होता. मॅडमनी माझे सगळे खण रिकामे करायला सांगितले, तेव्हा भामाताई म्हणाल्या, "मी करते, तुमी नका हात काले करू." त्यांनी पोती भरभरून माल काढला. पण प्रत्येक खणात मूठभर ठेवलाच. रिकामं भांडं लोकांसमोर मांडणं त्यांना जमतच नव्हतं. फळीवर रिकामा डबा ठेवताना त्या त्यावर फडकं टाकायच्या. तेव्हा मला इतका आनंद व्हायचा! बाई अजून माझीच आहे, मी म्हणायचो.

डिसेंबरातला एक मंगळवार. रोहिणी मॅडम ट्रेनिंगला पुण्याला गेल्या होत्या. रबरी रिंगांचा टेम्पो कंटेनरच्या रांगेत गव्हाण फाट्याला अडकला आणि रिंगांचे दोन्ही डबे रिकामे झाले. ही रिंग टाकीच्या बुडाशी, नळी जोडतात तिथे बसते. ती नसली तर सगळं पाणी गळतं. नियमाप्रमाणे काम थांबवायचं होतं. भामाताईंनी रिकाम्या डब्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आल्या आणि माझा सतरावा खण ओढला. बुडाशी नऊ वर्षांपूर्वीच्या रिंगा होत्या, अंगावर बारीक पांढरी रेघ असलेल्या. नव्या रिंगा नुसत्या काळ्या असतात. भामाताईंनी मूठ भरली, त्या निळ्या डब्यात ओतली आणि काम चालू राहिलं.

मी फुगलो. सांगू किती फुगलो? पहा, पहा, मी म्हणत होतो, वेळेला कोण उपयोगी पडलं! पाणी भरून पंप तपासले, एकही गळला नाही. संध्याकाळी थाप जरा जोरातच बसली.

जानेवारीत तक्रारी आल्या. एका दुकानदाराचा फोन, मग दुसऱ्याचा. पंप गळतोय, औषध पाठीवर येतंय. दीनानाथशेठ शेडमध्ये येऊन ओरडले. "सहा महिन्यांचा माल होता तेव्हा कधी तक्रार आली नाही! आता हे दोन-दोन डब्यांचे खेळ. घाईघाईत काहीही बसवता. मॅडम, सोमवारी हे डबे उचला इथून."

रोहिणी मॅडमचे डोळे भरले. "सर, मला दोन दिवस द्या, मी कारण शोधते."

"कारण समोर आहे," शेठ म्हणाले आणि गेले.

मित्रांनो, मला कळलं होतं. पांढऱ्या रेघेची रिंग कुठून गेली, हे माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार? मी लोखंड, मला बोलता येत नाही, हे खरं. पण बोलता येत असतं तरी मी बोललो नसतो. डबे जाणार होते. माझ्या आनंदाला पारावार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेटवर गोमा आला. हा कर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीवरचा, मजुरीने लोकांच्या बागांत फवारणी करणारा. भामाताईंचे भाऊ दाजी, त्यांच्या अकरा आंब्यांना तोच औषध मारायचा. भामाताईंनी त्यांना डिसेंबरअखेर आपल्याच कारखान्यातला नवा पंप नेऊन दिला होता, "आमचे हातचा हाय, दगा द्यायचा नाय," असं सांगून. गोमाने सदरा वर केला. कमरेपासून वर पाठ सोलल्यासारखी लाल झाली होती. फोड आले होते, काही फुटले होते.

"तीन दिस मारला औषध, बाय," तो म्हणाला. "पहिले ओलं लागला, मला वाटला घाम हाय. आता निजाया येत नाय."

भामाताई त्याला पंपासकट आत घेऊन आल्या. त्यांनी पंप माझ्यासमोरच्या टेबलावर उलटा केला आणि नळी सोडवली. रिंग हातात आली ती जुनं रबर कडक होऊन दोन तुकडे झालेली. त्यांनी तुकडा उजेडात धरला. पांढरी रेघ. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी थंड पडलो. त्या गप्प राहिल्या असत्या तर कुणाला कधीच कळलं नसतं. सोमवारी डबे गेले असते, मी परत पुढे आलो असतो. गप्प राहा, भामाताई, मी मनात म्हणत होतो. देवाशपथ सांगतो, गोमाची पाठ समोर दिसत असताना मी हे म्हणत होतो.

त्या उठल्या आणि शेठना बोलावून आणलं. रोहिणी मॅडमही आल्या.

"डब्यांचा काय दोष नाय, शेठ," भामाताई म्हणाल्या. "या पोरीचा पन नाय. मूठ माझी हाय. सतराव्या खणातली."

शेठ काहीतरी बोलायला गेले, पण रोहिणी मॅडमनी हात वर केला. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "कोणता दिवस, ताई? आठवतोय?"

"तुमी पुन्याला गेल्या तो मंगलवार. दुपारपासून."

टाकीवर तारीख आणि नंबर असतात. त्या दुपारचे पंप छत्तीस निघाले. दुकानादुकानांत फोन गेले. शेठनी स्वतः गाडी काढली आणि भामाताई गोमाला घेऊन डॉक्टरांकडे गेल्या. आठ दिवसांत गोमाचा धरून तेहतीस पंप परत आले. तीन मात्र कुठे गेले, काही पत्ता लागला नाही.

त्यानंतर भामाताईंनी मला रिकामं केलं. स्टुलावर बसून एकेक खण गोणपाटावर पालथा घातला. गंजून गोळा झालेल्या स्प्रिंगा, बंद मॉडेलच्या तोट्या, दगड झालेली रबरं, एक वाळकी पाल. हीच माझी श्रीमंती. पाहुण्यांसमोर मी हीच मिरवली होती. मग त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या गळ्यात लाल चिठ्ठी बांधली. महिनाभरात कुणी मागितलं नाही तर ती वस्तू भंगारात जाते. संध्याकाळी त्या माझ्यासमोरून गेल्या. थाप मारली नाही.

मला मागच्या शेडमध्ये हलवलं आणि तिथे मी एकोणतीस दिवस मोजले. तिसाव्या दिवशी भंगारवाला दारात आला आणि त्याच्या मागोमाग भामाताई.

"मॅडम, याला ठेवा," त्या म्हणाल्या. "परत आलेलं पंप खोलायचं हायेत ना? चांगली पितल, चांगलं पट्टं परत वापरता येतील. याच्यात ठेवूं. पन दर शनवारी खण रिकामं झालं पायजेत. तल दिसला पायजे."

रोहिणी मॅडमनी माझ्या चिठ्ठीवर तसं लिहिलं. आता शनिवारी दुपारी भामाताई येतात आणि प्रत्येक खणात हात घालून बुडाला तळवा टेकवतात. थाप नाही ती, पण हात त्यांचाच आहे. बाकी सहा दिवस त्या निळ्या डब्यांपाशी असतात. मी अजून जळतो, खोटं कशाला बोलू?

फक्त सतरावा खण त्या रिकामा करत नाहीत. त्यात पांढऱ्या रेघेच्या रिंगा आहेत, परत आलेल्या पंपांतून काढलेल्या. गेल्या शनिवारी हरवलेल्यांपैकी एक पंप उरणच्या बाजूने आला. भामाताईंनी रिंग काढली, खणात टाकली आणि मोजलं. चौतीस.

मित्रांनो, घरात काही साठवत असाल तर अधूनमधून तळापर्यंत हात घाला, एवढं तर मी सांगेनच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. तुमच्या गावात कुणी पाठीला पंप लावून फवारणीला निघालं, तर त्यांना जरा थांबवा. टाकीच्या बुडाशी नळी सोडवून रिंग बघायला सांगा. पांढरी रेघ दिसली तर तो पंप त्यांना पाठीवर घेऊ देऊ नका. आमच्याकडे पाठवा. दोन अजून बाहेर आहेत.