नाहीतर पुढची लिफ्ट

“लंगडी आसंल तर खांद्याव, धट आसंल तर बांदाव!”

माले गावच्या माळावर, मेंढवाड्याच्या तोंडाशी काठी आडवी धरून आबा ओरडायचे. एकेक मेंढी काठीखालून निघायची, आणि त्यांची सहा वर्षांची लेक सोनाली लंगडणारी हेरून बोट दाखवायची. मग ती मेंढी आबांच्या खांद्यावरून चरायला जायची, माहेरवाशिणीसारखी.

आबा गेले, मेंढरं गेली. मायलेकी शहराकडे, मारुंजीत भाड्याच्या खोलीत आल्या. आता सोनाली सोसायट्यांच्या गेटचं ॲप बनवणाऱ्या कंपनीत नवी होती, आणि समोर होती कधी न पाहिलेली प्रोग्रामिंगची भाषा.

“कॉलेजात शिकलीस ते विसर,” शिकवायला बसलेले दिग्विजय सर म्हणाले. “तिथं नुसतं ‘इफ’, म्हणजे ‘असेल तर’, लिहून सोडून देता यायचं. इथं ‘एल्स’, म्हणजे ‘नाहीतर’, दिल्याशिवाय गाडी हलत नाही. कुठल्याही वाटेनं गेलीस तरी उत्तर हातात आलं पाहिजे.”

सोनालीनं आबांची ओळच लिहिली. लंगडी, तर खांदा, नाहीतर बांध. पहिल्या फटक्यात चाललं.

“मेंढ्या?” सर हसले. “भारी गं! आता खरं काम घे. कामवाली असेल तर मागची सर्व्हिस लिफ्ट, नाहीतर पुढची.”

ती लिफ्ट सोनालीला वासानं ठाऊक होती. कुजकी सालं, डायपर, मासळीचं पाणी. कचऱ्याचे डबे तिच्यातून खाली येत, बाया तिच्यातूनच वर जात. तो वास रोज आईच्या पदराला धरून घरी यायचा. कितीही धुवा, निघायचा नाही. ऑफिसात मात्र सोनालीनं सांगितलं होतं, आई घरीच असते.

“सर, ती लिफ्ट बंद असली तर? एखादीचे गुडघे दुखत असतील...”

“ते अटीत नाही. सोसायटीनं मागितलंय तेवढं लिही.”

तिनं लिहिलं. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागल्यासारखं वाटलं. ओळ सुबक उतरली होती, आबांच्या ओळीसारखीच. तेच माप, तोच ताल. फक्त खांदा कुठंच नव्हता. तिला त्या सुबकपणाचीच जास्त किळस आली.

“चालवून बघ. कामवालीला शोभेलसं एखादं नाव टाक.”

तिनं टाकलं, चिमाबाई. पडद्यावर उमटलं, सर्व्हिस लिफ्ट.

“चिमाबाई!” सर खुर्चीत रेलून हसले. शेजारच्या टेबलावरची जुईलीही खिदळली. “कुठून शोधतेस गं असली नावं?”

सोनालीनं एकेक अक्षर मागं घेत लिफ्टची ती ओळ पुसली. पार कोरी होईस्तोवर.

“शोधलं न्हाई, सर. माझी आई हाय ती. त्याच लिफ्टनं भांडी घासाय वर जाती.”