हळदीच्या रंगाची लघवी

अठ्ठ्याण्णव साली तुळिंज गावातल्या एका गाळ्यात शनिवारी सुई घेतलेली माणसं दर रविवारी आपापली लघवी घेऊन रांग लावायची. कुणाकडे लोणच्याची बरणी, कुणाकडे सरबताची बाटली. आमची आग्नेसवहिनी तर वेलंकनीहून आणलेलं पवित्र पाणी ओतून त्याच बाटलीत भरून आणायची.

टेबलामागे डॉक्टर कौस्तुभ. बाटली उजेडात धरायचा.

"बघा, पिवळीजर्द. तुमच्या रक्तातले शिपाई काढले, त्यांना गाठ ओळखायला शिकवलं, सुईनं परत आत सोडले. आता गाठ वितळून बाहेर पडतेय."

लोक हात जोडायचे. वहिनीच्या छातीत गाठ होती. मुंबईच्या हॉस्पिटलात ऑपरेशनची तारीख मिळालेली, ती तिनं सोडून दिली.

"शिपाई लढतायत ना, सिप्रियन," ती मला म्हणाली. "कापायचं कशाला?"

मध्येच माझं तोंड आलं. नंदाखाल गावच्या डॉक्टरनं बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या दिल्या. सकाळी संडासात बघतो तर हळद. मी आत एकटाच हसत बसलो.

पुढच्या रविवारी वहिनीची बाटली गुपचूप ओतून टाकली आणि तिच्यात माझा माल भरला.

"वा, आग्नेसबाई. निम्मी गाठ गेली."

"डॉक्टर, ती माझी आहे," मी म्हटलं.

"गाठ?"

"लघवी."

रांग हसली. तो चाचरला. "मग तुम्हालाही आत कुठंतरी गाठ असणार."

"मला तोंड आलंय. बी-कॉम्प्लेक्सची गोळी खाल्ली की तिचा रंग असाच खाली उतरतो. तुमच्या सुईत काय असतं?"

तो उठायच्या आत मी टेबलाखालची कचऱ्याची बादली उपडी केली. काचेच्या फोडलेल्या कुप्या घरंगळल्या. रांगेतल्या विनया टीचरनी एक उचलून मोठ्यानं वाचली, "बी-कॉम्प्लेक्स." दुसरी उचलली. तीच. डॉक्टर मागच्या दारानं पसार.

मी अजून हसतच होतो, तेवढ्यात वहिनीनं विचारलं, "मग माझी गाठ?"

हसू तिथंच मेलं. "आहे तिथंच आहे, वहिनी. थोडी वाढलीही असेल."

रक्तातल्या शिपाई पेशींना असं शिकवायची खटपट जगात खरोखर चालू आहे. घट्ट गाठीत त्या शिरतच नाहीत, शिरल्या तरी आत दमतात, म्हणून ते लोक प्रयोगशाळेत डोकं फोडून घेतायत. उद्या जमेलही. पण ज्याला जमेल तो बाटलीचा रंग बघणार नाही, गाठ मोजेल, आणि मोजलेलं चारचौघांना तपासू देईल. तुम्हीही तेवढंच विचारा: गाठ मोजली का?

सोमवारी वहिनी हॉस्पिटलात गेली. तिथल्या डॉक्टरनं सगळ्यात आधी गाठ मोजायची पट्टी काढली.