चौथ्या ओळीतला खोकला

खरं सांगतो, हे मी लिहिणारच नव्हतो. ते गाणं व्हिएन्नात अजून गातात आणि लोक पोट धरधरून हसतात. त्यांच्या मजेत मी कशाला मिठाचा खडा टाकू? पण काएटानवर काय गुदरलं ते कुणीतरी सांगायला हवं.

काएटान दुसऱ्यांची स्वरलिपी उतरवून देऊन पोट भरायचा. रविवारी दुपारी व्हिएन्नाजवळच्या नुसडॉर्फ गावी एका वाईनच्या बागेत चौघं जमायचे. तो, त्याचा जिवलग फ्लोरियान, आणि दोघं वाजंत्री भाऊ. वाईन, चीज आणि मग कॅनन नावाचं फिरतं गाणं. चाल एकच, शब्द तेच. पहिल्याची एक ओळ झाली की दुसरा सुरुवातीपासून गाणं उचलणार, मग तिसरा, मग चौथा. गोल गोल. याला शेवट नसतो. बागेचा मालक टेबलावर पेला आपटेल तेव्हा थांबायचं.

शब्द जितके वाह्यात तितकी मजा जास्त. त्या वसंतात फ्लोरियान खोकत होता. काएटानने त्यावरच कॅनन रचला. तीन ओळी त्याची टिंगल, आणि चौथीत शब्दच नाहीत, नुसतं तालात खोकायचं. चौघं एकामागोमाग गाणार म्हणजे सतत कुणी ना कुणी खोकतोयच!

"हलकट आहेस लेका," फ्लोरियान म्हणाला. "चौथा आवाज माझा."

उन्हाळाभर गाणं गाजलं. शेजारच्या टेबलांवरून फर्माइशी यायच्या.

सप्टेंबरात एकदा मालकाने पेला आपटला. सगळे गप्प झाले. फ्लोरियान खोकतच राहिला.

"पुरे की रे नाटक्या!" काएटान ओरडला. अख्खी बाग हसली. सगळ्यात मोठ्यांदा तोच हसला.

मग त्याला थेक्ला दिसली, फ्लोरियानची बायको. अक्रोडाच्या झाडाखाली ती नवऱ्याची शाल घेऊन उभी होती. हसत नव्हती.

परतताना ती हळूच म्हणाली, "तुम्हाला खरंच कळलं नव्हतं? मार्चपासून डॉक्टर येतोय. छातीचं आहे, बरं व्हायचं नाही."

"मग हा गातो कशाला?"

"घरी उशीत तोंड खुपसून खोकतो, मला ऐकू जाऊ नये म्हणून. तुमच्या गाण्यात मोकळं खोकता येतं. रविवारची वाट बघतो तो."

काएटान रस्त्यातच बसला.

दुसऱ्या दिवसापासून तो लोकांनी उतरवून नेलेले गाण्याचे कागद गोळा करत सुटला. जिथे मिळाले तिथे फाडले. पण लोकांना पाठ झालेलं कसं फाडणार? न्हावी दाढी करताना तेच गुणगुणत होता. "तुमचंच ना हे? काय बहार आहे हो!" म्हणाला. काएटान साबण लागलेल्या तोंडाने उठून चालता झाला.

नोव्हेंबरात फ्लोरियान अंथरुणाला खिळला. आवाज पार बसला होता, कुजबुजतच बोलायचा.

"मी तुझ्यासाठी दुसरं लिहितो," काएटान म्हणाला. "चांगलं. गंभीर. लॅटिनमध्ये."

"लॅटिन कधीपासून यायला लागलं तुला?"

काएटानने आणलेला कोरा कागद घडी घालून खिशात ठेवला.

"ऐक," फ्लोरियान म्हणाला. "मला पुरून आलात की त्याच बागेत बसा. तेच गा."

"तिघंच उरू आम्ही."

"थेक्लाला पहिला आवाज दे. तिला पाठ आहे. चौथा तू घे."

"नाही जमणार मला."

"का? खोकायचंच तर आहे." तो हसायला गेला आणि उबळ आली. काएटान त्याची पाठ धरून बसला. हाताला नुसती हाडं लागत होती. बऱ्याच वेळाने फ्लोरियानला बोलता आलं. "चौथ्या ओळीला गप्प बसलात तर सगळी बाग रडत बसेल. मला नाही चालायचं. मालकाने पेला आपटला, सगळे थांबले, की तू एकट्याने खोकायचं. माझ्यासारखं. लोक हसायला हवेत."

नाही म्हणावं असं काएटानला फार वाटलं.

"खोकेन," तो म्हणाला. "पेला आपटल्यावरसुद्धा."