बिनदुधाची कॉफी

"टीने, दिवस बुडून राह्यला वं! पाखरं घरी गेली, तू कवा येशीन? ये लवकर, ताट वाढलं!"

ट्रॅव्हल्सच्या खिडकीला डोकं टेकून बसलेल्या टीनाच्या कानात आईची ती हाक पुन्हा उठली. घर जैनाचं, दिवस मावळायच्या आत जेवायचं. म्हणून प्रेमाबाई रोज संध्याकाळी दारात उभी राहून उन्हाशी शर्यत लावायची, आणि गल्लीतली पोरं विटी टाकून पळायची. त्यातली निम्मी पोरं जैनांची नव्हतीच. तरी हाक अशी गोड की ज्याला त्याला वाटावं, आपल्यालाच बोलावलं.

लग्नानंतर ती हाक ऐकायला मिळाली नव्हती. कॉलेजात सोबत शिकलेल्या, वाशीमजवळच्या मेडशी गावच्या धम्मरत्नशी टीनाने लग्न केलं, बौद्धाच्या घरची सून झाली, आणि तिचे वडील पदमचंद त्या दिवसापासून तिच्याशी बोलायचे थांबले. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. नुसतं तोंड मिटलं. आपल्या किराणा दुकानाचं शटर खाली ओढावं तसं.

आता भाऊ जिनेशचा फोन आला होता. "आईचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली की पयले टीनाले पाहीन म्हणते. ये तू. बाबूजींचं मी पाहतो."

पुण्यात बॅग भरताना, शाळेमुळे मागे राहणाऱ्या लेकीला मांडीवर घेऊन धम्मरत्न हसला होता. "माहेरी चालली खरी, पण तू दूध पीत नाई, तूप खात नाई. तुझ्या आईच्या घरात मग खाशीन काय, पितळेची भांडी?"

चेष्टा होती, पण काटा खरा होता. एकदा एका गोठ्यात आईपासून तोडलेलं वासरू रात्रभर हंबरताना टीनाने ऐकलं, आणि तेव्हापासून दूध तिच्या घशाखाली उतरेना. जैनाच्या लेकीनं जीवदया धरली, यात नवल काय? पण जैनाच्या घरी माया वाढतात ती तुपानं आणि सायीनं. ती आईला कशी सांगणार? तिने फोनला विचारलं, माहेरी वाशीममध्ये बिनदुधाचं जेवण आणि चांगली कॉफी कुठे मिळेल. फोनने आधी अकोला दाखवलं, मग नागपूर.

घरी पोचली तेव्हा प्रेमाबाई काळा चष्मा लावून ओसरीत बसली होती. तिने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला. "डोळ्यानं दिसते आता, पण हातालेही पाहू दे," म्हणाली.

आतून पदमचंदांचा आवाज आला. "जिनेश, पाहुण्यांची परतीची गाडी कवाची हाय?"

"रविवारची, बाबूजी," टीना म्हणाली.

"जिनेश, कवाची म्हणे?"

"रविवारची म्हणते ते. मी बहिरा नाई बाबूजी, अन् तुमीबी नाई," जिनेश म्हणाला आणि दुकानात निघून गेला. तो गेल्यावर पदमचंद पंख्याशी बोलू लागले. पंख्याला सांगितलं, पाहुण्यांच्या खोलीत गादी घातली आहे. पंख्याला सांगितलं, नळाला पाणी सकाळीच येतं.

ताटात शिरा आला, तुपानं चमचमणारा. "पोट बरं नाही आई," टीना म्हणाली. प्रेमाबाईचा हात वाटीवर तसाच थांबला. तिने वाटी मागे घेतली.

मग टीनाने मन धरायला दुसरी वाट शोधली. आईला कॉफीचं वेड. लहानपणी दुपारी दोघी मायलेकी दुधाची घट्ट कॉफी करून, एकाच कपात फुंकर घालून प्यायच्या. स्वतः पीत नसली तरी आईसाठी तिने सायीचं दूध आटवलं, कॉफी केली, वेलदोड्याचा वास घरभर फिरवला.

प्रेमाबाईने कप नाकाशी नेला. डोळे मिटले. आणि कप खाली ठेवला.

"मी कॉफी सोडली, बाई."

"कधी?"

"सोडली म्हणजे सोडली. तू काहून विचारून राह्यली?"

टीनाला वाटलं, आता कळलं. बाप बोलत नाही आणि आई आपल्या हातचं घेत नाही. दुसऱ्याच्या घरची झाली ना मी. माझ्या हातचं पाणीही आता चालतं की नाही कोण जाणे. उंबऱ्याच्या आत येऊनही ती बाहेरच राहिली होती. रविवारी गेली की पुन्हा यायचं की नाही, हे तिने त्या थंड होत चाललेल्या कपाकडे बघत मनात ठरवायला घेतलं.

सकाळी ती चालत कोर्टाकडे गेली. तिथे रस्त्याच्या कडेला तिच्या नणंदेचं, पल्लवीचं, छोटं दुकान होतं; दुकान टाकल्याचं टीनाला माहीत होतं, तिथे काय मिळतं ते नव्हतं. पल्लवीने पुण्याच्या एका कॅफेत काम केलं होतं, आणि तिथली नोकरी सोडून तिने इथे स्वतःची चूल मांडली होती. पाटीवर लिहिलं होतं: 'बिनदुधाची कॉफी, पाटवडी, सोलेभात.' एक वकीलसाहेब कपात डोकावून विचारत होते, "पल्लवी, दूध नाई तर हे पांढरं काय हाय?"

"सोयाबीन हाय साहेब. साऱ्या जिल्ह्यात पेरतो आपण, अन् साऱ्या जिल्ह्यानं कधी चाखलं नाई. गाडी भरून दुसऱ्याच्या घरी पाठवतो." मग तिची नजर टीनावर गेली. "वहिनी! माय वं, तोंड काहून असं? माहेरी आली का तारखेवर आली?"

टीना बाकावर बसली. पल्लवीने न विचारता पाटवडी वाढली, हिरव्या तुरीच्या दाण्यांचा भात वाढला. त्यात कांदा नव्हता, लसूण नव्हता. "तुमी येणार म्हणून दादानं फोन केला होता. मी म्हटलं, पुण्यात काहीबी खात असतील, पण माहेरच्या गावात माहेरचं खावं."

पहिला घास घेतला आणि टीनाला भरून आलं. अकोला नाही, नागपूर नाही. पोट भरायची जागा इथे होती, सासरच्या माणसाच्या हातात. मेडशीच्या वावरातलं सोयाबीन, सासरे जानरावांनी निवडून पोत्यात भरलेलं. रात्री भिजवून, सालं काढून, वाटून, उग्र वास जाईस्तोवर उकळलेलं. वर दाट कॉफी. त्या घोटात कडू होतं आणि कडूच्या मागे मातीसारखं काही गोड होतं. तिने हळूहळू सगळं सांगितलं. पंखा सांगितला, शिरा सांगितला, थंड झालेला कप सांगितला.

पल्लवी ऐकत थर्मास विसळत होती. "आमची माय दळण करताना म्हणत जाये," ती म्हणाली आणि हळूच गुणगुणली:

माहेराची वाट, दोहीकडं तूर
उंबरा जवळ, बापाचं मन दूर

"पण वहिनी, दूर म्हणजे नाई असं नाई. घ्या, हे भरून न्या. तुमच्या मायले द्या. अन् सांगा, पाणी दोनदा गाळलं. त्यांच्या घरी गाळूनच लागते, मले माहीत हाय."

टीना तिचा हात धरून क्षणभर उभी राहिली. "तुझं कसं फेडू गं," एवढंच बोलली.

"या पुन्हा. झालं फेडून."

घरी प्रेमाबाई न्हाऊन ओसरीत खाटेवर बसली होती. बाजूच्या बैठकीत पदमचंद पेपर वाचत होते. टीनाने थर्मासचं झाकण उघडलं आणि मनाशी म्हणाली, आता लपवायचं नाही.

"आई, मी काल खोटं बोलले. पोट बरं होतं. मी दूध-तूप सोडलंय, म्हणून शिरा खाल्ला नाही. ही कॉफी बिनदुधाची आहे. सोयाबीन मेडशीचं, माझ्या सासऱ्यांच्या वावरातलं. केली पल्लवीनं. पाणी दोनदा गाळलेलं. घ्यायची तर घे, नाही तर नाही."

बैठकीतल्या पेपरचं पान उलटायचं थांबलं.

प्रेमाबाईने हात पुढे केला. एक घोट घेतला. मग दुसरा. मग चष्म्याखालून पाण्याची धार लागली आणि ती हसायलाच लागली.

"बाप्पा! दुधाविना कॉफी होते, हे मले कोनी सांगतलं काहून नाई? इतकी वर्षं वाया घालवली मी!"

"म्हणजे? तू कॉफी नाही, दूध सोडलंस?"

प्रेमाबाईने कप मांडीवर टेकवला. जैन बाई नियम धरते तो बोलून दाखवत नाही. बोललं की पुण्याला गर्व चिकटतो. पण लेकीचा चेहरा तिला आता लख्ख दिसत होता, आणि त्या चेहऱ्यावर कालचा तो न प्यायलेला कप अजून होता.

"तुह्या हातचं मी टाकीन का वं, येडे? तू गेली त्या दिवशी मंदिरात नियम घेतला. तुहे बाबूजी तुले नावानं हाक मारत नाईत, तोवर दूध-दही-तूप बंद. ह्यांले वाटते म्हातारी धरमकरम करून राह्यली." तिने बैठकीकडे मान वळवली आणि आवाज थोडा चढवला. "माहा नियम मंदिरात नाई, तुमच्या तोंडात अटकला हाय, जिनेशचे बाबूजी. आता पंख्याले सांगा, नाई तर भिंतीले."

पदमचंद दारात आले. पांढरी गांधी टोपी हातात, डोकं उघडं. त्यांनी बायकोकडे पाहिलं, जणू तिच्यासमोरचे ते कोरे चहा, ती तूप न लावलेली पोळी त्यांना आजच दिसली होती. त्यांचे ओठ हलले आणि आवाज जरा उशिरा आला.

"टीना."

प्रेमाबाईने हात जोडले. टीनाने आईचा कप उचलला.

"आई, आता दूध घालून देऊ तुला?" तिने कसंबसं विचारलं.

"राहू दे. आता ह्यातच जीव बसला माहा. ह्यांले दे."

टीनाने दुसरा कप भरला. मेडशीचं सोयाबीन, पल्लवीच्या हातचं. पदमचंदांनी कप घेतला, खाटेच्या कडेला बसले, आणि भर सकाळी, उघड्या दारात, गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या देखत तो तळापर्यंत प्यायले. नंतरही कप खाली ठेवला नाही. दोन्ही हातांत धरून त्याच्या तळाकडे बघत राहिले.

"टीना," ते पुन्हा म्हणाले, या वेळी पंख्याकडे न बघता. "तुले मुलगी झाली ना, तवा मी पुण्याले आलो होतो. हिले सांगतलं, माल पाहाले जातो. तुह्या दारापर्यंत आलो, बेटा. आतून तुह्या हसण्याचा आवाज आला. म्हटलं, आपल्याविना सुखात हाय पोरगी, आता कोणत्या तोंडानं बेल दाबू? तिथंच पायरीवर बसलो, अन् अंधार पडल्यावर परत आलो."