भिंगरीची आखडलेली मांडी

मी एक म्हातारी शोधकुत्री आहे, मित्रांनो, आणि चालताना माझा मागचा डावा पाय आखूड पडतो. पाय जमिनीवर ठरत नसत म्हणून माझे नाव भिंगरी ठेवले होते. आता कोणी त्या नावाने हाक मारली की माझी मान खाली जाते.

अग्निशमन दलातल्या एका जवानाने मला पिल्लू असताना निवडले. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या माणसाचा वास काढायचा आणि तिथे उभे राहून भुंकायचे, हे माझे काम. "हिला थकवा ठाऊकच नाही!" असे तो चारचौघांत सांगे, आणि मी आणखी एक चक्कर मारी. त्या शाबासकीपायी मी दुखणे गिळायला शिकले. सकाळी मांडीत ओढ बसे. मी ती चाटत राही; तो आला की ताडकन उठे. गाडीत चढताना अडखळू लागले, तेव्हा तो हसला, "काय गं, आळस चढला वाटतं?" मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

पुढे एका गोदामाची भिंत कोसळली आणि एक हमाल आत अडकला. अंग मोकळे करायला सवड न देता जवानाने मला थेट ढिगाऱ्यावर सोडले. वास लगेच लागला. तो काँक्रीटच्या एका मोठ्या तिरक्या लादीपलीकडून येत होता. मी झेप घेतली. मांडीत काहीतरी टरकन फाटले. उठले, पुन्हा पडले. मग लादीकडे तोंड करून खालूनच भुंकत राहिले.

"वर चढ ना! सगळ्यांसमोर माझी शोभा करतेस?" तो ओरडला आणि त्याने मला बाजूला बांधले. बऱ्याच वेळाने दुसरा कुत्रा आला, लादी चढला आणि तिथेच भुंकला. हमाल जिवंत निघाला. मी नाक पंजांत खुपसले.

जवानाची धाकटी बहीण जनावरांची डॉक्टर. तिने माझी मांडी चाचपली.

"दादा, हे दुखणं आजचं नाही. हात लावून बघ, स्नायू दोरीसारखा आखडलाय. त्यावरच पळवलंस तू हिला."

"अगं, पण ही कधी कण्हलीसुद्धा नाही!"

"तुला खूश करायला जीव टाकते ती, कण्हेल कशाला? बघायचं काम तुझं होतं."

"जागा हिनंच दाखवली होती," तो पुटपुटला, "आणि मी हिला बांधून ठेवलं." त्याला माझ्याकडे बघवेना आणि मला त्याच्याकडे.

मग सक्तीची विश्रांती, शेक, मालिश, नंतर पाण्यात चालणे. जिना उतरताना तो मला कडेवर घेई. शेजारच्या मांजरी टक लावून बघत. पाय टेकू लागला, पण आखडलेला स्नायू पुरता सुटला नाही. माझे काम सुटले.

एके दिवशी तो हमाल घरी आला. "मला पहिल्यांदा हुंगून काढणारी कुठाय?" मी लाजेने खाटेखाली शिरले. तो माणूस फरशीवर पालथा पडला आणि हात आत घालून म्हणाला, "बाई, तुझं भुंकणं ऐकूनच मी धीर धरला होता." मी त्याची बोटे चाटली, बाहेर मात्र आले नाही.

मित्रांनो, आम्हाला 'पुरे' म्हणता येत नाही. आम्ही नुसते मागे रेंगाळतो, पायरीशी थबकतो, एकच जागा चाटत बसतो. तुमचा कुत्रा असे करू लागला तर दोरी ओढू नका. खाली बसा आणि त्याच्या पायांवरून हलकेच हात फिरवा. लाज आम्हालाही वाटते.